सहा टक्के कुणाचे?

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन बाजारात आले होते, भाव हमीभावाच्या खाली गेले होते आणि आपले शिष्टमंडळ निवेदन घेऊन सरकारी कचेरीत जाऊन बसले होते. निवेदन आम्हीच लिहिले होते. तेव्हा या लेखात जो काही दोष काढायचा आहे तो आधी आमच्याच पदरात घालून मग पुढे जाऊ. निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात आम्ही मोठ्या झोकात लिहिले होते, 'देशातील फक्त ६ टक्के शेतकऱ्यांना हमीभावाचा लाभ मिळतो, हे सरकारच्याच समितीने कबूल केले आहे.'

साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि शांतपणे विचारले, "सहा टक्के कुणाचे?"

"सगळ्या शेतकऱ्यांचे," आमच्यापैकी एक जण म्हणाला.

"कोणत्या सालचे? कोणत्या पिकाचे? तुमचे सोयाबीन आहे का त्यात?"

कुणालाच सांगता येईना. साहेब काही वाईट माणूस नव्हता, त्याने आवाजही चढवला नाही, आणि तेच जास्त लागले. त्या दोन मिनिटांत निवेदनातील बाकीच्या साऱ्या गोष्टींचे वजन उतरले. खरेदी केंद्र उशिरा उघडले, बारदाना नव्हता, ओलावा जास्त आहे म्हणून भरलेल्या गाड्या परत गेल्या, हे सगळे आमच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. पण पहिल्याच वाक्यात अडकलेल्या माणसाचे दहावे वाक्य कोण मनावर घेतो?

परत आल्यावर शोध घेतला. आधी घ्यायला हवा होता. भारतीय अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये अहवाल दिला, त्यातला हा आकडा आहे. समितीने तो स्वतः मोजलेला नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७० व्या फेरीत, म्हणजे २०१२-१३ साली, जी माहिती गोळा झाली तिच्यावरून काढला. जुलै ते डिसेंबर २०१२ या काळात ज्यांनी भात विकला त्यांच्यापैकी १३.५ टक्के शेतकऱ्यांनी तो सरकारी खरेदी यंत्रणेला विकला. पुढच्या सहा महिन्यांत हेच प्रमाण भातात १० टक्के आणि गव्हात १६.२ टक्के होते. या सगळ्यांची बेरीज करून तिला देशातल्या एकूण शेतकऱ्यांनी भागले की येतात ते ६ टक्के.

म्हणजे या आकड्यात फक्त भात आणि गहू आहे. कापूस नाही, तूर नाही, हरभरा नाही, आपले सोयाबीन तर नाहीच. भागाकारात मात्र कापूसवाला, सोयाबीनवाला, द्राक्षवाला आणि ज्याने त्या वर्षी दाणाही विकला नाही असाही शेतकरी धरलेला आहे. सरकारी खरेदीमुळे शेजारच्या खुल्या बाजारातील भाव सावरले का, हे त्यात दिसत नाही. आणि आकडा २०१२-१३ चा. आम्ही तो २०२४ च्या सोयाबीनच्या निवेदनात जशाच्या तसा ठोकून दिला होता.

गंमत अशी की याच एका आकड्याच्या आधाराने दोन उलट्या मागण्या केल्या जातात. २०२०-२१ साली दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चालू होते तेव्हा एक विद्वान सांगे, ९४ टक्क्यांना हमीभाव मिळतच नाही, मग त्याचा एवढा आग्रह कशाला? दुसरा सांगे, ९४ टक्क्यांना मिळत नाही म्हणूनच तो कायद्याने बांधून द्या. दोघांनीही मूळ पान उघडून पाहिले होते की नाही, याची आम्हाला शंका आहे. उघडले असते तर वाद निदान भात-गव्हाचा आहे की साऱ्या शेतीचा, एवढे तरी ठरले असते.

त्या दिवशी कचेरीत आमची लाज राखली ती एका वहीने. शिष्टमंडळात एक जुने कार्यकर्ते होते. त्यांनी पिशवीतून शाळकरी पोराची असावी तशी दोनशे पानी वही काढली आणि साहेबांपुढे ठेवली. एक एकर सोयाबीनचा हिशेब. नांगरट, पाळी, बियाण्याची बॅग, पेरणी, खत, तणनाशक, फवारण्या, गुत्त्याने दिलेली सोंगणी, मळणी, भाडे. रोख खर्च १८,६०० रुपये. उतारा ६ क्विंटल. म्हणजे क्विंटलला ३,१०० रुपये. विकले ४,१०० ने. साहेब म्हणाले, "मग क्विंटलमागे हजार रुपये राहिले की!"

आमच्यातल्या एक बाई तोवर गप्प होत्या. त्यांनी वहीत डोकावून विचारले, "भाऊ, वहिनींच्या खुरपणीचे किती धरले?"

काहीच धरले नव्हते. मग तिथेच बसून मांडले. घरच्या बायकांचे १४ दिवस, गावात त्या वर्षी चालू असलेल्या ३०० रुपये रोजाने ४,२००. घरच्या गड्यांचे ६ दिवस, ५०० ने ३,०००. झाले ७,२००. क्विंटलला आणखी १,२००. खर्च ४,३०० वर गेला आणि हजाराच्या नफ्याचा दोनशेचा तोटा झाला. तेच रान दुसऱ्याला एका हंगामासाठी खंडाने दिले असते तर गावच्या दराने एकरी ९,००० आले असते. ते धरले की क्विंटलला आणखी १,५००, खर्च ५,८०० आणि तोटा १,७००. शेतकरी तोच, रान तेच, सोयाबीन तेच. आधी हजाराचा नफा, मग दोनशेचा तोटा, मग सतराशेचा. यात खोटा आकडा एकही नाही.

साहेबांनी या वहीवर एकही उलट प्रश्न विचारला नाही. काही पाने त्यांनी झेरॉक्स करून ठेवून घेतली.

वहीतल्या या तीन ओळींनाच कृषिमूल्य आयोगाच्या भाषेत नावे आहेत. हातचा गेलेला खर्च म्हणजे ए-२ (दुसऱ्याची जमीन केली असेल तर तिचा दिलेला खंडही त्यातच). त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. त्याच्याही पुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. १९६५ साली स्थापन झालेला हा आयोग (तेव्हाचे नाव कृषी किंमत आयोग) दरवर्षी हे सारे छापतो. इंग्रजीत छापतो, तक्ते किचकट असतात, हे खरे आहे. पण कुलूप घातलेले नसतात.

आता १ फेब्रुवारी २०१८ चे अर्थसंकल्पाचे भाषण आठवा. खर्चाच्या दीडपट हमीभाव देणार अशी घोषणा झाली. २०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनचा खर्च सरकारने ३,२६१ धरला आणि हमीभाव ४,८९२ दिला. पुढच्या वर्षी खर्च ३,५५२ धरला, हमीभाव ५,३२८ दिला. पाटीवर गुणाकार करून पाहा, रुपयाच्या आत बरोबर दीडपट येते. मंत्री म्हणतात दिला, आपण म्हणतो फसवले, आणि गावातला पोरगा विचारतो की मग खोटे कोण बोलते? खोटे कुणीच बोलत नाही. मंत्र्यांचा खर्च ए-२ अधिक एफएल आहे, आपला सी-२ आहे. एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते. गेल्या काही वर्षांत आपल्या किती सभांमध्ये ते अर्धे मिनिट कुणी खर्च केले?

खरे भांडण पुढे आहे आणि ते भांडायला हवे. ३,२६१ हा साऱ्या देशाचा सरासरी खर्च. कोरडवाहू रानात उतारा कमी, म्हणून क्विंटलमागे खर्च जास्त. वहीतला आकडा ४,३०० येतो त्यात याचा वाटा मोठा आहे. शिवाय जाहीर झालेला हमीभाव आणि हातात पडलेला भाव यांच्यामध्ये खरेदी केंद्राचे बंद दार असते. ही दोन्ही हत्यारे आपल्या हातात असताना आपण व्यासपीठावरून काय सांगतो? स्वामिनाथन आयोगाने सी-२ अधिक ५० टक्के सांगितले होते, ते द्या. आयोगाच्या मूळ शिफारशीत हमीभाव 'उत्पादनखर्चाच्या भारित सरासरीपेक्षा किमान ५० टक्के अधिक' असावा असे म्हटले आहे. त्या वाक्यात सी-२ हे अक्षर नाही. सी-२ धरावे ही मागणी रास्त आहे असे आमचे मत आहे आणि ती आम्ही करतच राहू, पण ती आपली मागणी म्हणून. आयोगाच्या तोंडी आपले शब्द घातले की समोरचा वकील मूळ वाक्य वाचून दाखवतो आणि पुढचे कुणी ऐकत नाही.

बाजार समितीच्या फळ्यावर रोज तीन भाव लिहितात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कांदा महागला की शहरातल्या बातमीत येतो तो कमाल भाव, ज्या भावाने दिवसभरात कदाचित एकच वक्कल गेलेले असते. कांदा पडला की आपल्या भाषणात येतो तो किमान भाव, आणि तोही पुष्कळदा एखाद्याच नासक्या ढिगाचा. दोघेही फळ्यावरचेच वाचतात. मधला रकाना मात्र कुणीच वाचत नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ ला ती ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उघडली. या पाच महिन्यांत आपल्या शेतकऱ्याचे नेमके किती गेले हे सांगायचे तर मधल्या रकान्याचे रोजचे आकडे आणि आवक, एवढेच लागते. फार मोठी विद्या लागत नाही.

सरकारची बाजू घेऊन कुणी म्हणेल की पाहा, शेतकऱ्यांचे पुढारीच हवेत बोलतात. त्यांना आम्ही विचारू की दुप्पट उत्पन्नाचे काय झाले? फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाले की २०२२ पर्यंत शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट होईल. राष्ट्रीय पाहणीप्रमाणे शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ साली ६,४२६ रुपये होते, २०१८-१९ साली १०,२१८ झाले. वरवर पाहता बरे दिसते. आता आत शिरा. पिकापासूनचे उत्पन्न ३,०८१ वरून ३,७९८ झाले, म्हणजे सहा वर्षांत सातशे रुपयांची वाढ, तीही महागाई वजा न करता. मजुरीचे उत्पन्न २,०७१ वरून ४,०६३ झाले. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीतून जास्त पैसा येऊ लागला. वाढ झाली ती शेतीमुळे झाली की शेती सोडून दुसऱ्याच्या कामावर गेल्यामुळे झाली, हा प्रश्न विचारायचा होता. त्याऐवजी जुलै २०२२ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने उत्पन्न वाढलेल्या ७५,००० शेतकऱ्यांच्या यशोगाथा छापल्या. त्या यशोगाथा खऱ्याही असतील. पण निवडून काढलेल्या पाऊण लाख माणसांवरून कोट्यवधी कुटुंबांचे अनुमान निघत नाही. चांगली चांगली कणसे वर रचून विकलेल्या पोत्याचा अनुभव आपल्या सर्वांना आहे.

नाबार्डच्या २०२१-२२ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न १३,६६१ आले, तेव्हा काहींनी ते १०,२१८ च्या पुढे ठेवून प्रगतीचा आलेख काढला. नाबार्डच्या पाहणीत ५०,००० पर्यंत वस्तीची लहान शहरेही येतात आणि शेतकरी कुटुंब कुणाला म्हणायचे याचीही व्याख्या वेगळी आहे. पायलीने मोजलेले आणि किलोने मोजलेले एकाच खात्यात लिहिण्यासारखे हे झाले. नाबार्डचेच २०१६-१७ चे ८,९३१ घेऊन त्याच्याशी ताडले असते तर निदान माप तरी एक राहिले असते.

आणि जेथे आकडा गैरसोयीचा निघतो तेथे तो झाकून ठेवण्याची रीत पडली. २०१७-१८ च्या कुटुंब-खर्चाच्या पाहणीचा निकाल प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला, कारण दिले माहितीच्या दर्जाचे. त्याच वर्षीच्या रोजगार पाहणीचा अहवाल अडकून पडला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. तो अहवाल बाहेर आला ३१ मे २०१९ ला, निवडणूक उरकल्यावर. २०२१ ची जनगणना २०२१ साली झालीच नाही. पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघाली जून २०२५ मध्ये, गणना २०२७ ची. ज्या देशात माणसे किती हेच पंधरा-सोळा वर्षे जुन्या आकड्यावर चालते, तेथे दरडोई काहीही सांगणारा माणूस अंदाजानेच बोलत असतो. हे सगळे बोललेच पाहिजे. पण ते बोलण्याचा अधिकार आपला हिशेब चोख असेल तरच राहतो.

म्हणून आपल्या बाजूचा एक मोठा आकडा घेऊ. '२००० ते २०१७ या काळात शेतकऱ्यांचे ४५ लाख कोटी लुटले गेले' हे वाक्य आपल्या बहुतेक सभांत येते. त्याला आधार आहे, आणि चांगला आधार आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि दिल्लीची इक्रियर ही संस्था यांचा २०१८ चा अहवाल सांगतो की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, खते-वीज-पाण्यावरची अनुदाने जमेस धरूनही, भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरीने त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या उणे १४ टक्के होता. त्यावरून अशोक गुलाटी यांनी २०१७-१८ च्या किमतींना ४५ लाख कोटींचे गणित मांडले. ही बाब आपल्या चळवळीने फार पूर्वीपासून सांगितलेली, आणि ती अशा संस्थेच्या अहवालात आली याचा आम्हाला आनंदच आहे.

पण हे ४५ लाख कोटी कुणाच्या तिजोरीत जाऊन पडलेले नाहीत. देशातला भाव आणि बंदरावरचा भाव यांच्यातल्या फरकाचा तो अंदाज आहे, आणि त्यात गृहीत असे की भारताचा माल मोठ्या प्रमाणात बाहेर गेला असता तरी जगातला भाव पडला नसता. तांदळासारख्या मालाच्या बाबतीत हे गृहीत जरा जडच जाते. ज्या वर्षी जगात मंदी होती त्या वर्षीचे चित्र वेगळे होते, सरासरीत ते झाकले जाते. एवढे सांगून आकडा मांडला तर तो हलत नाही. नुसता 'लुटले' म्हणून आपटला तर पुढच्या रांगेतला एखादा प्राध्यापक तो उचलून आपल्याच डोक्यात घालतो.

एका तालुका बैठकीत नेमका हाच प्रश्न एका तरुण कार्यकर्त्याने विचारला होता. "हा आकडा कुठून आला?" एवढेच. त्याला उत्तर मिळाले, "तू कुणाच्या बाजूचा?" लोक हसले. तो पोरगा खाली बसला, आणि त्यानंतरच्या दोन बैठकांना आला नाही. व्यासपीठावर आम्हीही होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. सहा टक्क्यांच्या वाक्यापेक्षा ही चूक मोठी आहे असे आम्हाला वाटते, कारण ते वाक्य निवेदनातून खोडता येते. त्या पोराच्या घरी आता जाऊन यावे लागणार आहे.

ही आपली रीत नव्हती. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य, त्यांनी पिंपळे सौदागर या एका गावाचे शेत न् शेत मोजून १९१७ साली पुस्तक काढले आणि दाखवले की १७७१ साली सरासरी सुमारे ४० एकर असलेले खाते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली पुण्यातूनच देशाच्या गरिबीचा हिशेब मांडला. त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांनाही त्यांच्या तक्त्यांतूनच वाट काढावी लागली. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले ते आंबेठाणला जमीन करून, खर्चाची वही घालून बसले. बाकीचे सारे नंतर आले. जुन्या शिबिरांत पहिला तास एक एकराचा उत्पादनखर्च काढण्याचा असे. खडू-फळा असे, आणि शिकवणाऱ्याची चूक शेवटच्या रांगेतून कुणी तरी काढत असे. अलीकडच्या शिबिरांत फळा नसतो, ध्वनिक्षेपक चांगले असतात.

पुढच्या जिल्हा बैठकीसाठी निवेदन पुन्हा लिहिले आहे. सहा टक्क्यांचे वाक्य काढून टाकले. त्या जागी जिल्ह्यातल्या वह्यांचे आकडे घालायचे आहेत: पीक, रान कोरडवाहू की बागायत, साल, उतारा, रोख खर्च, घरची मजुरी, खंड, आणि विकलेल्या मालाची पट्टी जोडलेली. ज्याला तोटा झाला त्याचीही वही हवी आणि ज्याला नफा झाला त्याचीही हवी. नफ्याची वही दडवू नये. आजपर्यंत अकरा वह्या आल्या आहेत. त्यांतल्या सात वह्यांत घरच्या बायकांच्या मजुरीचा रकाना कोरा आहे. ज्यांच्या आहेत त्यांनी घरी विचारून तो भरावा आणि वही बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत तालुकाप्रमुखाकडे द्यावी.